चौथ्या मडक्यातलं घर

"म्याडम भविष्य लिहितात," अशी माझी ओळख आमचे जीपवाले रशीदभाई करून द्यायचे आणि पुढच्याच मिनिटाला कोणीतरी माझ्यासमोर तळहात धरायचं. नोकरीच्या वर्षांत असे कितीतरी हात मी परत केले. एका आजींनी मात्र हात मागे घेतलाच नाही. "पाहून त घ्या," म्हणाल्या, "नाही सांगतलं तरी चालते." मी पाहिला. कापूस वेचून वेचून बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. तेवढंच मला वाचता आलं.

रशीदभाई खोटं बोलत नव्हते. मी भविष्य लिहायचे, पण एक नाही, चार. हवामान बदलावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत मी नोकरीला होते. यवतमाळच्या बाहेर लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, एका बंद ऑइल मिलच्या शेजारी आमच्या दोन खोल्या होत्या. एका खोलीत संगणक, दुसऱ्या खोलीत मी आणि कागदांचे गठ्ठे. आमचे प्रमुख पुण्याला असायचे. त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. महिन्यातून एकदा ते यायचे, उन्हाला नावं ठेवायचे आणि दोन दिवसांनी परत जायचे.

कापसाची ती वाईट वर्षं होती. कधी अळी, कधी पानं लाल करणारा लाल्या रोग, कधी ऐन फुलावर आलेल्या पिकाला पावसाची पाठ. बाहेरच्या जगाला यवतमाळ हे नाव अचानक पाठ झालं होतं, आणि रोज कोणी ना कोणी फॉर्म, कॅमेरा नाहीतर दोन्ही घेऊन जिल्ह्यात उतरायचं. त्या दिवसांत आमच्याकडे कापसापेक्षा प्रश्नावल्या जास्त पिकत होत्या असं म्हटलं तरी चालेल. लोक कंटाळलेले असायचे. "याच्या अगुदरच्या म्याडमनंबी हेच पुसलं होतं," असं म्हणत चहा मात्र पाजायचे.

आता धंदा काय होता तो सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही तो अजून कळलेला नाही. मोठ्या संगणकांवर शास्त्रज्ञ पुढच्या पन्नास-शंभर वर्षांच्या उष्णतेचा आणि पावसाचा हिशोब मांडतात. पण माणसं पुढे कशी वागतील, किती धूर सोडतील, एकमेकांना धरून राहतील की सोडून देतील, हे संगणकाला माहीत नसतं. म्हणून वेगवेगळी भविष्यं धरून चालावं लागतं. जर असं झालं तर काय, आणि जर तसं झालं तर काय. याला भाकीत म्हणायचं नाही. हवामान खातं उद्या पाऊस येईल म्हणतं ते भाकीत. आम्ही फक्त शक्यता मांडायचो, आणि चारपैकी कोणती खरी हे कधीच सांगायचं नाही, हा आमचा पहिला नियम होता. शेवटचाही तोच होता.

संगणकातून आकडे यायचे ते चौकोनांचे. एक चौकोन एवढा मोठा की दारव्हा आणि यवतमाळ एकाच चौकोनात बसून जायचं. त्या चौकोनात माणसं भरणं हे माझं काम. पाणी बरं राहील की कमी होईल, आणि गाव एकत्र राहील की ज्याचं त्याचं होईल, या दोन प्रश्नांवरून चार गोष्टी तयार व्हायच्या. चाळीस वर्षांनंतरचं एक गाव, त्यातला एक दिवस, त्यातलं एक घर. "लोकांना आकडा आठवत नाही, दार आठवतं," असं सर म्हणायचे. त्यांचं बोलणं खरं होतं. पुढे त्याचा त्रास मला झाला.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. एका मोठ्या अधिकाऱ्यांना मी गोष्टींवरून काढून घेतलेली चारही चित्रं दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी पाहिली, भरला नाला आणि हिरवं रान असलेल्या पहिल्या चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे छान आहे. बाकीची तीन काढून टाका." दारव्ह्याच्या एका कापूस व्यापाऱ्याने माझं सगळं बोलणं मान हलवत ऐकून घेतलं आणि विचारलं, "यातलं पक्कं कोन्तं?"

"कोणतंच नाही," मी म्हटलं.

"मंग चार कायले केले? कच्चंच करायचं होतं त एकानंबी भागलं असतं."

मी त्या दिवशी फार हसले होते. पण जे मला लिहायचं आहे ते फुलसावंगीचं आहे.

महागाव तालुक्यातलं हे मोठं गाव. आमच्या बैठका उन्हाळ्यातच व्हायच्या, कारण तेव्हा शेतं मोकळी असतात. त्या वेळी पंधरा दिवस मी गावात येऊन-जाऊन होते. दुपारचं जेवण शांताबाईंकडे असायचं. शांताबाई विधवा, पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या. मुलगा विनोद शेती पाहायचा. नाल्याकाठचं शेवटचं घर त्यांचं. हिरव्या तेलरंगाचं दार, समोर निंब, आणि ओट्यावर बसून त्या कापसातला कचरा काढायच्या. त्यांच्या हातचं वांग्याचं भरीत मी इतकं खाल्लं की रशीदभाई मला जीपमध्ये पुढे बसवताना काळजीने पाहायचे.

चौथी गोष्ट लिहायची होती: पाणी कमी आणि गाव ज्याचं त्याचं. मी बसले आणि हात आपोआप चालू लागला. नाल्याकाठचं शेवटचं घर. हिरवं दार, त्याला कुलूप. ओट्यावर कापसाच्या वाळक्या झाडांचा, पऱ्हाटीचा ढीग, त्यात विंचू. निंबाखाली कोणी नाही. मुलगा शहरात, आई त्याच्याबरोबर गेली की कुठे गेली ते कोणाला माहीत नाही. सरांनी वाचून फोन केला. म्हणाले, ही सर्वांत जिवंत झाली आहे. मला बरं वाटलं. त्या बाईच्या ताटावरून उठले आणि तिचं घर उचलून कागदावर ठेवलं, तिला विचारलंसुद्धा नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

बैठकीच्या दिवशी चारही चित्रं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावली आणि मी गोष्टी वाचून दाखवल्या. चौथी वाचताना लोकांत कुजबुज झाली. "हे त शांताबाईचं घर!" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. शांताबाईही हसल्या. गाव गुंतलं म्हणून मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली.

यानंतर लोकांनी मत द्यायचं होतं. कोणती गोष्ट जास्त पटते ते पाहण्यासाठी प्रत्येकाला सरकीचे पाच-पाच दाणे द्यायचे आणि चित्रासमोरच्या डब्यात टाकायला सांगायचं, अशी पद्धत होती. ऐनवेळी रशीदभाई डोकं खाजवत आले. "म्याडम, डब्बे तो ऑफिसमेंच रह गये." मग तेच कुंभाराकडे गेले आणि चार मडकी घेऊन आले. चार चित्रांसमोर चार मडकी मांडली. मला तर ती डब्यांपेक्षा देखणी वाटली. लोक एकदम गप्प झाले होते. रांगेत आले, चपला काढल्या, दाणे टाकले. चपला का काढल्या, असा प्रश्न मला पडायला हवा होता. शेवटी मोजलं तर चौथ्या मडक्यात सगळ्यांत जास्त सरकी. मी तो आकडा फळ्यावर लिहिला आणि त्याभोवती गोल केला.

दोन दिवसांनी अक्षय्य तृतीया होती. आमच्याकडे पुष्कळ घरांत त्या दिवशी घट मांडतात. पाण्याने भरलेल्या घागरीखाली पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं ठेवायची आणि कोणतं किती भिजलं यावरून कोणत्या महिन्यात पाऊस किती ते सांगायचं. हे मी आज सांगते आहे. तेव्हा मला पुस्तकात वाचण्याएवढंच माहीत होतं. माझ्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि घरातले असले सगळे प्रकार बंद केले. घट मांडलेला मी डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. रशीदभाईंच्या घरी तो प्रश्नच नव्हता. सर पुण्याचे. म्हणजे एक बौद्ध बाई आणि एक मुसलमान जीपवाला, दोघांनी मिळून सणाच्या तोंडावर चार मडकी ठेवून भर ग्रामपंचायतीत घट मांडला आणि दोघांनाही पत्ता नाही.

तीन आठवड्यांनी शांताबाई लोहाऱ्याच्या ऑफिसात आल्या. एकट्या. जीप, एसटी, मग ऑटो असं करत, पत्ता विचारत आल्या होत्या. पाणी प्यायल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "म्याडम, तुमी मायं घर बंद केलं. आता उघडून द्या."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. विनोदचं लग्न ठरलं होतं. मुलगी दारव्ह्याजवळच्या गावची, कविता नाव. सगळं बोलणं झालं होतं. आणि आता मुलीच्या वडिलांनी निरोप धाडला होता की सोयरीक मोडली.

"थे म्हन्ते, ज्या घराले कुलूप लागनार म्हून कंपूटरनं सांगतलं अन् घटानंबी सांगतलं, त्या घरात मी पोरगी कायले देऊ? साऱ्या गावानं चौथ्या मडक्यात दाने टाकले, म्याडम. मीबी टाकले. मले वाटलं, तुमाले बरं वाटन."

ते शेवटचं वाक्य मी आजही विसरले नाही. मला फार लाज वाटली. मी त्यांना शक्यता आणि भाकीत यातला फरक समजावू लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "मले नोका सांगू. त्याले सांगा."

सरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि ते नियमाला धरूनच बोलले. ते घर ओस पडेल असं आपण म्हटलेलं नाही. पण पडणार नाही असंही आपल्याला म्हणता येणार नाही. आपण भाकीत करत नाही. हवं तर त्यांना पद्धतीची माहितीपुस्तिका द्या.

पुस्तिका घेऊन मी दारव्ह्याच्या आठवडी बाजारात गेले. पिशवीत, का कोण जाणे, ऑफिसचं कोरं लेटरहेड आणि गोल शिक्काही टाकला होता. मुलीचे वडील, नामदेवराव, तिथे दोर आणि दावी विकायचे. उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. मला त्यांनी दोराच्या वेटोळ्यावरच बसायला दिलं, चहा मागवला आणि मी बोलत असताना तीन दावी विकली. पुस्तिका त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली.

"माया एकच सवाल हाय," ते म्हणाले. "थे घर ओस पडनार हाय का नाही? हाव म्हना, नाही त नाही म्हना."

"पडू शकतं. नाहीही पडू शकत."

"असं त मीबी सांगतो, म्याडम. मले कोनी पगार नाही देत."

बाजूचा मिरचीवाला खो खो हसला. नामदेवराव हसले नाहीत. म्हणाले, "पोरगी दोन दिवसांपासून जेवली नाही. तिले थो पोरगा पसंत हाय. मीबी काही हौसेनं नाही मोडून राह्यलो. पन बापानं डोळ्यानं पाहून पोरीले बंद घरात कसं ढकलावं? तुमी सांगा."

दार हिरवं होतं म्हणून ते कागदावर हिरवं झालं, एवढंच त्यात शास्त्र होतं. पण तेही त्यांना सांगून पटेना. शिकलेल्या बाईने लिहिलं म्हणजे काहीतरी पाहूनच लिहिलं असणार, हा त्यांचा विश्वास माझ्यापेक्षा पक्का होता.

मी लेटरहेड काढलं आणि दोराच्या वेटोळ्यावर टेकवून लिहिलं: फुलसावंगी येथील शांताबाई यांचं नाल्याकाठचं घर ओस पडणार नाही. खाली सही केली. शिक्का मारला. माझ्या नोकरीतलं ते एकमेव भाकीत. नामदेवरावांनी ते अक्षरावर बोट फिरवत वाचलं, घडी केली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवलं. म्हणाले, "एवढंच लिहून पाह्यजे होतं, बाई. त्यासाठी तुमाले उन्हात यावं लागलं."

लग्न झालं. मी आणि रशीदभाई गेलो होतो. आम्हाला पहिल्या पंगतीत बसवलं. नवरी एकदाच माझ्याकडे पाहून हसली. सरांना मी पत्राचं कधीच सांगितलं नाही, पण हे ज्या अंकात छापून येतंय तो त्यांच्याकडे जातो, तेव्हा आता कळेल. अहवालात मी एक वाक्य घातलं: स्थानिक प्रतिसाद लक्षात घेऊन पद्धतीत सुधारणा करण्यात आली. सुधारणा म्हणजे पुन्हा कधी मडकी वापरली नाहीत आणि पुन्हा कधी कोणाचं खरं घर लिहिलं नाही. त्यानंतरच्या माझ्या गोष्टी तितक्या जिवंत झाल्या नाहीत, असं सर म्हणायचे. ते खरंच होतं.

निवृत्त झाल्यावर गेल्या हिवाळ्यात भाचीच्या घरी पुसदला गेले होते. येताना वाट वाकडी करून फुलसावंगीला उतरले. नाला कोरडा होता, आणि पूर्वी त्या दिवसांत त्यात पाणी असायचं हे मला आठवत होतं. नाल्याकाठच्या ओळीत ओळीने कुलपं होती. एका ओट्यावर पऱ्हाटीचा ढीग पडला होता. मी थांबले. माझी चौथी गोष्ट चाळीस वर्षांची वाट न पाहता तिथे येऊन बसली होती, फक्त शेवटच्या घराला सोडून. हिरवं दार उघडं होतं. ताजा रंग दिलेला होता.

शांताबाई ओट्यावर होत्या, वाकलेल्या, पण आवाज तसाच. "या म्याडम, पाहून घ्या तुमचं घर!" आत भिंतीवर देवांच्या तसबिरींच्या ओळीत माझं पत्र होतं, काचेच्या चौकटीत. कविता लग्नाच्या वेळी सोबत घेऊन आली होती. शिक्का पुसट झाला होता, सही स्पष्ट होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला शांताबाई ते दाखवतात म्हणे. गाव रिकामं होत गेलं तसतसा त्यांचा मान वाढत गेला होता. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

चहा झाल्यावर कविता मला निंबापर्यंत सोडायला आली. तिची मोठी मुलगी नववीत आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती खाली पाहत म्हणाली, "म्याडम, एक कागद अजून लिहून द्या."

"कसला?"

"हे घर सोडलं तरी चालते म्हून."

तिचा भाऊ पुण्याला कंपनीत आहे. त्याने विनोदसाठी दोनदा काम पाहिलं होतं. दोन्ही वेळा शांताबाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं होतं. शिक्क्यानिशी लिहून दिलंय, हे घर ओस पडणार नाही, आपण कुलूप लावलं तर म्याडम खोट्या पडतील. विनोदला आईपुढे बोलवत नाही. "वावरात काही राह्यलं नाही, म्याडम. पोरीले पुढं शिकवायचं हाय. मी तुमाले दोष नाही देत. त्या कागदानंच मायं लग्न झालं. पन आता त्याच कागदानं आमी इथं बसून हावो."

मी म्हटलं, आता माझ्याकडे शिक्का नाही.

"सासूबाई शिक्का नाही पाहत. तुमची सही ओळखते."

मी निंबाखालच्या दगडावर बसले. कविताने पोरीच्या वहीचं पान आणून दिलं. लिहायला मला बराच वेळ लागला. मग आत जाऊन ते शांताबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. हे घर उघडं राहू शकतं. बंदही होऊ शकतं. कोणी कामाला गेलं तर परत येईल, किंवा येणार नाही. यांतलं काहीही झालं तरी त्यात शांताबाईंचा दोष नाही, त्यांच्या सुनेचा नाही आणि घराचाही नाही. खाली सही केली.

शांताबाईंनी पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं. त्यांनी ते पान हातात घेतलं, सहीवर अंगठा फिरवला आणि दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मंग हेच तवा काहून नाही लिहिलं, म्याडम?"